गायीच्या गव्हाणीतले पामतेल

दुधाच्या दराचा प्रश्न महाराष्ट्रात दर दोन-तीन वर्षांनी पेटतो. रस्त्यावर दूध ओतले जाते, मुंबईत बैठका झडतात आणि एखादा शासन निर्णय निघून प्रकरण तात्पुरते शांत होते. जुलै २०२३ मध्ये राज्य शासनाने गायीच्या दुधास लिटरमागे किमान ३४ रुपये दर ठरवून दिला. तो दर वर्षअखेरपर्यंतही टिकला नाही आणि जानेवारी २०२४ पासून लिटरमागे ५ रुपयांचे अनुदान देण्याची पाळी शासनावर आली. या साऱ्या वादात एक गोष्ट शहरी वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. दर ठरतो तो नुसत्या लिटरचा नव्हे. ३४ रुपये होते ते ३.५ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के स्निग्धेतर घन पदार्थ असलेल्या लिटरचे. पुढे अनुदान जाहीर करताना ही गुणप्रत ३.२ आणि ८.३ अशी धरण्यात आली. संकलन केंद्रावरील यंत्राने आकडा एक दशांशाने जरी खाली दाखविला तरी पैसे कापले जातात. ‘फॅट लागली’ अथवा ‘फॅट लागली नाही’ हे शब्द त्यामुळे दूध उत्पादकाच्या घरी परीक्षेच्या निकालाइतक्या गांभीर्याने उच्चारले जातात.

या धास्तीतूनच एका नव्या वस्तूची बाजारपेठ उभी राहिली आहे. पशुखाद्याच्या दुकानात सरकी, पेंड आणि कोंडा यांच्या पोत्यांशेजारी आता ‘बायपास फॅट’ या नावाच्या पिशव्या मांडलेल्या असतात. आत पांढरट-पिवळसर भुकटी असते. ती गायीच्या आंबोणात रोज शंभर-दीडशे ग्रॅम मिसळावी, म्हणजे दूध वाढते, फॅट लागते, पचन सुधारते आणि गाय वेळेवर माजावर येते, असे पिशवीवर छापलेले असते. यातील काही दावे खरे आहेत, काही अर्धे खरे आहेत आणि पचनाविषयीचा दावा तर बराचसा उलटा वाचावा लागतो. पण या भुकटीची खरी कथा पिशवीवर नाही. ती वाचावयाची तर पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने दहा-बारा किलोमीटर पुढे, कर्नाळ्याच्या पायथ्याशी जावे लागते.

कर्नाळा हा काही दुधाचा मुलूख नव्हे. दुधाचे राजकारण चालते ते कोल्हापूर, पुणे, अहिल्यानगर, सोलापूर या जिल्ह्यांत. कर्नाळा लोकांना ठाऊक आहे तो किल्ल्याच्या सुळक्यासाठी आणि १९६८ साली स्थापन झालेल्या पक्षी अभयारण्यासाठी. जवळच्या शिरढोणला वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला, हेही शाळकरी मुलांना माहीत असते. परंतु गायीच्या गव्हाणीतून स्निग्धांश कसा नाहीसा झाला आणि पिशवीत बसून परत कसा आला, याची सारी साधने या एका टापूत हाताशी आहेत. डोंगरउतारावरचे गवत येथे आहे, भाताचा पेंढा आहे, कोंडा देणाऱ्या गिरण्यांचा इतिहास आहे आणि ताऱ्याला युसुफ मेहेरअली सेंटरच्या ग्रामोद्योगांत तेलघाणी व साबण ही दोन्ही कामे शेजारी शेजारी आहेत. साबणाचा या विषयाशी संबंध काय, असा प्रश्न पडेल. संबंध फार निकटचा आहे.

गाय तेल पचवू शकत नाही असे नाही. पण तिच्या पोटाची रचनाच गवतासाठी झालेली आहे. चार कप्प्यांच्या त्या पोटातील पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. मोठ्या गायीत त्यात शंभर लिटरहून अधिक माल मावतो. तेथे कोट्यवधी सूक्ष्म जीव गवतातील तंतुमय भाग कुजवितात आणि त्यापासून ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्ले तयार होतात. गायीची बहुतांश ऊर्जा याच आम्लांतून येते. तंतूवर काम करणाऱ्या या जिवांना मोकळे तेल सोसत नाही. तेलाचा थर गवताच्या तंतूंवर बसतो आणि असंपृक्त स्निग्धाम्ले तर जिवाणूंना सरळ विषासारखी बाधतात. चाऱ्यात मुळात दोन-तीन टक्के स्निग्धांश असतो. एकूण आहाराच्या शुष्क भागात तो पाच-सहा टक्क्यांच्या वर गेला की तंतूंचे पचन मंदावते, गाय कमी खाते आणि दुधातील स्निग्धांश वाढण्याऐवजी उतरतो. व्यालेल्या गायीला प्रेमाने बाटलीभर गोडे तेल पाजणारा गोठेवाला तिच्या पोटातील या कारखान्याचा संपच घडवून आणीत असतो. शेण पातळ झाले की तो ‘पोट साफ झाले’ म्हणून समाधान मानतो, ही त्यातली आणखी एक गंमत.

तेव्हा स्निग्धांश द्यावयाचा तर तो कोठीपोटातील जिवांना कळू न देता पुढे पाठविला पाहिजे. ऑस्ट्रेलियात १९७०च्या सुमारास तेलाला प्रथिनाचे कवच चढवून हे साधण्याचे प्रयोग झाले. पुढे १९८०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील ओहायो येथे पामक्विस्ट आणि जेंकिन्स या शास्त्रज्ञांनी फार सोपी वाट दाखविली. स्निग्धाम्लांचा चुन्याशी, म्हणजे कॅल्शियमशी संयोग केला की जो पदार्थ होतो त्यालाच रसायनशास्त्रात कॅल्शियमचा साबण म्हणतात. दुष्फेन पाण्यात साबण लावला असता फेस न होता बादलीच्या कडेला जो चिकट पांढरा साका बसतो, तो हाच. तो पाण्यात विरघळत नाही आणि कोठीपोटाच्या सौम्य आम्लतेतही बहुतांशी जसाच्या तसा राहतो. चौथ्या पोटातील तीव्र आम्लात मात्र तो फुटतो, स्निग्धाम्ले मोकळी होतात आणि आतड्यांत शोषली जातात. कोठीपोटाला वळसा घालून गेलेला, म्हणून ‘बायपास’. या पदार्थाने पचन सुधारते असे म्हणणे बरोबर नव्हे. तो पचन बिघडवीत नाही, एवढेच त्याचे श्रेय आहे. आणि तेही लहान नाही.

ज्या गायीसाठी हा शोध लागला ती गाय कोणती, हे मात्र विसरता कामा नये. ती दिवसाला तीस-चाळीस लिटर दूध देणारी परदेशी गाय होती. गाय व्याल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांत तिचे दूध शिखर गाठते. तिची भूक शिखरावर येते ती त्यानंतर महिनाभराने. मधल्या काळात ती आपल्या अंगावरची चरबी वितळवून दूध देते, खंगते आणि माजावर यावयाला उशीर लावते. अशा वेळी पिष्टमय खाद्य वाढवीत गेले तर कोठीपोट आंबते. स्निग्धांशात पिष्टमय पदार्थांच्या सव्वादोन पट ऊर्जा असल्याने पोटात फारशी जागा न अडविता ती तूट भरून काढता येते. व्यायच्या आधी आठ-दहा दिवस आणि नंतर नव्वद दिवस, चांगला हिरवा व सुका चारा खाणाऱ्या पंधरा-वीस लिटरच्या गायीला ही भुकटी दिली तर तिचा उपयोग होतो, हे आपल्याकडील प्रयोगांतही दिसून आले आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही तिचा पुरस्कार करते तो अशाच जनावरांसाठी.

परंतु तीच पिशवी पाच लिटरच्या गायीच्या मालकालाही विकली जाते. तेथे हिशेब काय होतो? दीडशे ग्रॅम भुकटीत जेवढी ऊर्जा असते तेवढी साधारण एका लिटर दुधात असते. म्हणजे सारे काही जमून आले तरी वाढ लिटरभराच्या आगेमागे. किलोला अवघे शंभर रुपये धरले तरी रोजची भुकटी पंधरा रुपयांची, आणि प्रत्यक्षात भाव त्याच्या वरच असतो. तीस रुपये दराने केवळ हा खर्च भरून निघण्यास अर्धा लिटर दूध वाढले पाहिजे. जी गाय भाताच्या पेंढ्यावर उभी आहे, तिचे दूध ऊर्जेच्या नव्हे तर नत्राच्या अभावी अडलेले असते. पेंढ्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के आणि सिलिका भरपूर. त्यावर कोठीपोटातील जीव उपाशी असतात आणि स्निग्धांशाचा त्यांना कणभरही उपयोग नसतो, कारण तो मुळी त्यांना चुकवून पुढे पाठविलेला असतो. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरियाचे पाणी शिंपडून तो तीन आठवडे झाकून ठेवला, तर त्याची पचनीयता आणि नत्र दोन्ही वाढतात. ही कृती गेल्या चाळीस वर्षांपासून पशुसंवर्धन खात्याच्या पत्रकांत आहे. पण पत्रक दारोदार जात नाही, विक्रेता जातो.

आणखी एक बाब दुकानदार सांगत नाही, कदाचित त्यालाही ती ठाऊक नसावी. आहारात स्निग्धांश वाढविला की दुधातील प्रथिनाचे प्रमाण किंचित उतरते, असा जगभरचा अनुभव आहे. दुधातील प्रथिनाचा मोठा आधार म्हणजे कोठीपोटातील जिवाणूंचे प्रथिन. भुकटीने त्यांची वाढ होत नाही, दूध मात्र वाढते. प्रथिन हा स्निग्धेतर घन पदार्थांचाच भाग. म्हणजे ज्या यंत्रावर एक आकडा वर चढला त्याच यंत्रावर दुसरा खाली घसरण्याचा संभव असतो, आणि कपात तर दोन्हींवर होते. फॅटसाठी पैसे मोजून एसएनएफला मुकणाऱ्या शेतकऱ्याला आपले काय चुकले हे कधीच उमगत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. गायीच्या आहारात बाहेरून स्निग्धांश घालण्याची वेळ मुळात का आली? पनवेल, पेण, कर्जत ही एकेकाळी भाताच्या गिरण्यांची गावे. या गिरण्यांतून निघणारा कोंडा आसपासच्या गोठ्यांत जात असे आणि ताज्या कोंड्यात बारा ते अठरा टक्के तेल असते. तुसाची भेसळ झाली तरी बरेच उरे. गावच्या घाणीवर तीळ, शेंगदाणा, खोबरे गाळले जाई. घाणीचे दाब कमी म्हणून पेंडीत दहा टक्क्यांच्या आसपास तेल मागे राही. तेल्याच्या दृष्टीने तो तोटा होता. गायीच्या दृष्टीने तो तिचा वाटा होता. दाणेदार पेंडीतून आणि सरकीच्या बियांतून तेल कोठीपोटात सावकाश सुटते. अख्खी सरकी ही तर एका परीने निसर्गानेच केलेली बायपास फॅट. आपल्या आजीपणजींना यातले रसायन ठाऊक नव्हते, पण दुभत्या म्हशीला सरकी भिजवून घालावी हे त्यांना ठाऊक होते.

घाणीनंतर एक्स्पेलर आला आणि पेंडीतील तेल सहा-आठ टक्क्यांवर उतरले. त्यानंतर द्रावक-निष्कर्षणाचे कारखाने आले. हेक्झेन या द्रावकाने पेंड धुऊन तिच्यातील तेल एक टक्क्यावर आणण्याची ती रीत. १९६३ साली या उद्योगाची अखिल भारतीय संघटना मुंबईत उभी राहिली. देशात खाद्यतेलाची टंचाई होती, पेंड निर्यात करून परकीय चलन मिळत होते. तेव्हा तेलाचा थेंबन् थेंब काढून घेण्याच्या धोरणाला कोणी नाव ठेवण्याचे कारण नव्हते. कोंड्याचेही तेच झाले. मुंबईकर डॉक्टरांच्या सल्ल्याने आज जे राइसब्रॅन तेल खातो, ते पूर्वी कोठे जात होते याचा विचार करून पाहावा. उरलेला निस्तेल कोंडा कारखान्यातील पशुखाद्याचा पाया बनला. जुलै २०२३ मध्ये पशुखाद्याचे व दुधाचे भाव भडकल्यावर केंद्र सरकारने याच निस्तेल कोंड्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती दोन वर्षांहून अधिक काळ चालू राहिली. तेल गेले ते गेलेच, उरलेला चोथा तरी देशात राहावा म्हणून धडपड करण्याची ही अवस्था.

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने घाणी सुधारण्याचे प्रयोग केले, तेव्हा त्यांची भाबडेपणाचे लक्षण म्हणून थट्टा झाली. आज ताऱ्यासारख्या ठिकाणी घाणीचे तेल ‘लाकडी घाण्याचे’ म्हणून चढ्या किमतीला खपते आणि गिऱ्हाईक मोटारीतून येते. ही तेलाची प्रतिष्ठा झाली. पेंडीची झालेली नाही. घाणीच्या पेंडीत तेलाचा जो अंश उरतो त्याची किंमत पशुखाद्याच्या बाजारात कोणी वेगळी मोजीत नाही, कारण बाजार प्रथिनावर चालतो. घाणीने राज्यातल्या गायी पोसता येतील असे कोणी म्हणणार नाही. तेवढे तेलबियाच नाहीत. पण गव्हाणीतून काढलेल्या स्निग्धांशाची किंमत एका खात्यात जमा झाली आणि तो परत घालण्याचा खर्च दुसऱ्याच्या नावे पडला, एवढे तरी मान्य केले पाहिजे.

परत येणारा स्निग्धांश येतो कोठून? आपल्याकडील भुकटीचा बराचसा कच्चा माल म्हणजे पामतेल शुद्ध करताना वेगळी निघणारी स्निग्धाम्ले. काही कारखाने राइसब्रॅन तेलाची स्निग्धाम्ले वापरतात. म्हणजे कोंड्यातून काढलेलेच परत. पण मुख्य भर पामचा. भारत वर्षाला पाऊण ते एक कोटी टन पामतेल आयात करतो आणि ते प्रामुख्याने इंडोनेशिया व मलेशिया येथून येते. एप्रिल २०२२च्या अखेरीस इंडोनेशियाने आपल्या देशातील महागाईसाठी पामतेलाची निर्यात सुमारे साडेतीन आठवडे बंद केली, तेव्हा फरसाणापासून साबणापर्यंत साऱ्या धंद्यांचे हिशेब कोलमडले. सुमात्रा-बोर्निओतील मळ्यांचा आणि आपल्या गोठ्यांचा संबंध असा जुळलेला आहे. जंगल तोडून मळे झाले ते तिकडे; इकडे गाय ज्या गवतावर जगत होती ते गवतही गेले, म्हणून तिकडचे तेल इकडे आले.

गवताची गोष्ट कर्नाळ्याला विशेष लागू आहे, आणि दुधातील स्निग्धांशाची सर्वांत मोठी गुरुकिल्ली तीच आहे. दुधातील जवळपास निम्मा स्निग्धांश कासेत नव्याने तयार होतो आणि तो होतो कोठीपोटातून आलेल्या ॲसेटिक व ब्युटिरिक आम्लांपासून, म्हणजे अंती गवताच्या तंतूपासून. तंतू कमी पडला आणि पेंड-मका वाढला की दूध दिसावयास भरपूर, पण फॅट लागत नाही. ठाणे-कुलाबा जिल्ह्यांतील वरकस जमिनींवरचे गवत एकेकाळी गाड्या भरभरून मुंबईच्या तबेल्यांना आणि घोड्यांच्या पागांना जात असे. १९७० पासून नव्या मुंबईसाठी पनवेल तालुक्याच्या जमिनी संपादित होऊ लागल्या. १९८१ मध्ये कुलाब्याचा रायगड झाला, २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. जेथे भाताची उडवी रचली जात तेथे गोदामे उभी आहेत. शेत गेले की पेंढा गेला, वरकस गेली की गवत गेले. मागे उरलेल्या लहानशा, काटक, दोन-तीन लिटर दूध देणाऱ्या स्थानिक गायीला २०१८ मध्ये ‘कोकण कपिला’ म्हणून जातीची मान्यता मिळाली. ती चरावयाची कोठे, हा प्रश्न त्या मान्यतेने सुटलेला नाही.

कर्नाळ्याचे अभयारण्य आरंभी सुमारे साडेचार चौरस किलोमीटर होते. २००३ मध्ये ते बारा चौरस किलोमीटरवर गेले. पक्ष्यांसाठी ते आवश्यकच होते आणि मोकाट चराईने रोपटी उठत नाहीत, हेही खरे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यातील चराईचे नियमन, नियंत्रण अथवा मनाई करण्याचा अधिकार वन अधिकाऱ्यांना दिला आहे. या तिन्ही शब्दांपैकी शेवटच्यावरच खात्याचा कटाक्ष राहणार हे समजण्यासारखे आहे. पण अभयारण्याबाहेरचे उतार, गावांची गायराने आणि पडीक वरकस यांवर तरी गुरे न सोडता गवत कापून नेण्याची व्यवस्था होऊ शकते. राज्यातील अनेक गावांनी चराईबंदी करून ती यशस्वी केलेली आहे. येथे अडचण आहे ती पावसाची. गवत भाद्रपदात फुलोऱ्यावर असते तेव्हा त्यात खरा कस असतो. पण त्या दिवसांत कोकणात ते वाळविणे अशक्य. पाऊस थांबून ते कापले जाते तोवर बी गळून गेलेले असते आणि हाती येते ती निव्वळ काडी, पेंढ्याहून फारशी सरस नव्हे.

यावर उपाय आहे तो मुरघासाचा. फुलोऱ्यातले गवत ओलेच कापून, बारीक करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत दाबून हवाबंद केले की दीड महिन्यात ते मुरते आणि वैशाखापर्यंत टिकते. रानगवतात साखर कमी असल्याने त्यावर मळीचे किंवा गुळाचे पाणी शिंपडावे लागते, एवढेच पथ्य. पश्चिम महाराष्ट्रात मक्याचा मुरघास हा आता शेतकऱ्यांच्या परिचयाचा झाला आहे, कडबाकुट्टी यंत्रांना अनुदानही मिळते; कोकणातील गवताचा विचार मात्र त्या योजनांत अभावानेच आढळतो. पशुसंवर्धन खाते गवत वनखात्याचे समजते, वनखाते गाय पशुसंवर्धन खात्याची समजते आणि ज्या ठाकर-कातकरी वाड्यांतून गवत कापणारे हात मिळू शकतात, त्या दोन्ही खात्यांच्या हिशेबात नाहीत. दुधावर लिटरमागे पाच रुपये देऊ शकलेल्या शासनाला भाद्रपदात कापलेल्या गवतावर किलोमागे काही पैसे देणे अवघड नाही. त्याच्या जोडीला, भुकटीच्या पिशवीवर आतील स्निग्धांश कशाचा, त्याचे प्रमाण किती आणि किती लिटरच्या खालील जनावरास ती देऊ नये, हे मराठीत ठळक छापण्याची सक्ती करावयास तर एक कवडीही लागणार नाही.